दाढेनं कुणी जातं का…

रामेश्वर गेला तेव्हा मी दवाखान्याच्या तळमजल्यावर, कँटीनमध्ये चहा घेत होतो. चहाची तल्लफ नव्हती. त्याच्यासमोर उभं राहवत नव्हतं म्हणून खाली आलो होतो. वर गेलो तर कावेरी वहिनी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर रामेश्वरचा चष्मा होता. चष्मा बाहेर आला होता. मग आणखी काही विचारायची गरज उरली नाही. मी शेजारी बसलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, लोकांना काय सांगायचं हो? कशानं गेले म्हणून सांगायचं?"

तो प्रश्न पुढचे दहा-बारा दिवस सगळ्यांनीच विचारला. गंगापूरकडचे भाऊबंद, शाळेतले सहकारी, पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतले शेजारी. दाढेच्या दुखण्यानं, असं सांगितलं की समोरचा थांबायचा, आपण नीट ऐकलं ना अशा नजरेनं बघायचा. त्याचा एक चुलता तर रागावलाच. "दाढंनं कुणी जातं का? काय तरी दुसरंच असंल. तुम्ही लपवायलात." शेवटी घरच्यांनी अटॅक आला असं सांगायला सुरुवात केली. अटॅक म्हटलं की माणसं मान हलवतात आणि पुढचं विचारत नाहीत. मीही तेच सांगू लागलो. मला तर ते फारच सोयीचं होतं… हे आज लिहायला हवं.

आम्ही दोघं गंगापूर तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. बारावीनंतर तो डी. एड.ला गेला, मी डी. फार्मसीला. पुढं दोघंही संभाजीनगरात आलो. मी पुंडलिकनगरात औषधांचं दुकान टाकलं आणि दोन गल्ल्या सोडून त्यानं घर बांधलं. लासूर स्टेशनच्या पलीकडं एका वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा त्याच्याकडं होती. रोज मोटारसायकलवर अप-डाऊन करायचा. संध्याकाळी परत येताना गाडी माझ्या दुकानासमोर थांबणार, हा वीसेक वर्षांचा रिवाज. काउंटरच्या फळीवर कोपर टेकवून अर्धा तास उभा राहायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाही. म्हणायचा, "मास्तराला बसून बोलायची सवय नसती."

त्याच्या शाळेत परिपाठ संपला की दातांची तपासणी व्हायची. हे त्याचं स्वतःचं खूळ होतं. वरून कसला आदेश नव्हता. प्रार्थना, सुविचार झाला की पोरं रांगेत तशीच उभी राहायची आणि गुरुजी एकेकाच्या पुढ्यात जाऊन म्हणायचे, "दाखवा बत्तिशी." ज्याचे दात पिवळे दिसतील त्याला पाण्याच्या टाकीपाशी पाठवायचं. तिथं खिळ्यांना प्रत्येकाचा ब्रश टांगलेला, दांडीवर नाव लिहिलेला. वर्गाच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं दाढेचं मोठं चित्र काढलं होतं. वरचं पांढरं कवच, आतला मऊ गर, खाली मुळं. "कीड म्हणजे अळी नसती बरं का," तो पोरांना सांगायचा. "गोड खाल्लं, ते फटीत बसलं, तिथं ते आंबतं आणि कवच खातं. भोक आधी वर पडतं. दुखत नाय म्हणून आपण गप बसतो. ते खाली गरापर्यंत गेलं की मग बोंब मारतो. रात्री झोपायच्या आधी घासणारा शहाणा. सकाळी तर सगळेच घासतात." पोरांच्या आया मिसरी लावायच्या. त्यांनाही त्यानं पालकसभेत बोलावून मिसरी सोडा म्हणून सांगितलं होतं. एक बाई उठून म्हणाली होती, "गुरुजी, मिसरी सोडली तर सकाळी तोंडाला चवच येत नाय, मग भाकरी कशी थापावी?" हे तो मला सांगायचा आणि हसता हसता फळीवर थाप मारायचा.

एकदा असाच हसत आला. दुसरीतल्या एका मुलीनं परिपाठात त्याला भर रांगेत विचारलं होतं, "गुरुजी, रोज आमचेच बघता. तुमचे दाखवा की!" सगळी शाळा खिदळली. "मग दाखवले का?" मी म्हणालो. "दाखवले ना. पुढचे." त्यानं ओठ मागं घेऊन मला पुढचे दात दाखवले. पांढरेशुभ्र, एका ओळीत. "मागचे बघायला इन्स्पेक्टर यावा लागंल," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. मागं काय आहे ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा आतून पोखरलेल्या होत्या.

शेकडो पोरांचे दात राखणारा हा माणूस स्वतः दाताच्या डॉक्टरची पायरी चढत नव्हता. कारण त्यानं फक्त मला सांगितलं होतं. तो लहान असताना त्याच्या आईची दाढ आठवडी बाजारात सतरंजी टाकून बसणाऱ्या एका माणसानं उपटली होती. त्याच वर्षी तिची नजर जाऊ लागली आणि पुढं ती पूर्ण आंधळी झाली. दाढ काढली की डोळ्यांवर येतं, हे त्याच्या घरात तेव्हापासून पक्कं बसलं. मी त्याला सांगायचो, अरे, तिला साखर असणार, मोतीबिंदू असणार, दाढेचा आणि नजरेचा काही संबंध नाही. तो मान डोलवायचा. "मला कळत नाय व्हय? पोरांना मीच शिकवतो. डोक्याला कळतं रे अंब्या, दाढंला नाय कळत." आणि मग हात पुढं करायचा. "लई ठणकायलीय. दे ना पुडी."

त्या पुडीबद्दल सांगतो. आमच्या धंद्यात ही पद्धत सर्रास आहे. कुणाची दाढ दुखते, कुणाची कंबर धरते. डॉक्टरकडं जायला वेळ नसतो. माणूस काउंटरवर येतो. आम्ही एका पाकिटातून दुखण्याच्या गोळ्या, दुसऱ्यातून सूज उतरवणाऱ्या, तिसऱ्यातून पित्ताच्या, अशा कात्रीनं दोन-दोन, चार-चार कापतो, छोट्या कागदी पिशवीत टाकतो आणि वर पेनानं सकाळ-संध्याकाळ लिहून देतो. चिठ्ठी नाही, बिल नाही. रामेश्वरला मी अशी पहिली पुडी कधी दिली ते आठवत नाही. शेवटची आठवते. मधली किती झाली, याचा हिशेब मी ठेवला नाही. आठ-दहा वर्षं, वर्षातून चार-सहा वेळा तरी… दोन दिवसांत ठणका थांबायचा, गालावरची सूज बसायची आणि तिसऱ्या दिवशी तो फळीवर थाप मारून म्हणायचा, "तुझ्या हाताला गुण हाय गड्या!" मला ते ऐकायला आवडायचं. हे मी स्वतःशी कबूल करायलाही फार उशीर लावला. मला डॉक्टर व्हायचं होतं, गुण कमी पडले होते. माझा सगळ्यात जवळचा मित्र माझ्या गोळीनं बरा होतो याचं मला अप्रूप होतं. आणि त्याला साखर होती हे मला माहीत होतं, कारण साखरेच्या गोळ्याही दर महिन्याला तो माझ्याकडूनच न्यायचा. ज्याला साखर आहे त्याच्या हिरड्यांतला पू साधा समजायचा नसतो, हे मी शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

या वर्षी हिवाळ्यात दाढ फारच त्रास देऊ लागली तेव्हा वहिनींनी त्याला शपथ घातली. तोही कंटाळला होता. आमच्याच रस्त्यावर पहिल्या मजल्यावर दाताच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांची शनिवारी सकाळची वेळ त्यानं घेतली. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात आला, जरा ओशाळलेला. "उद्या जातो रे. पण खुर्चीत बसल्यावर कळ आली तर मी पळून येईन बघ. आज रातच्याला काही तरी दे." मी दिलं. नेहमीपेक्षा जोरदार दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो दुकानात हजर. मला वाटलं, इतक्यात झालं? "जिना चढलो," तो सांगू लागला, "बाकड्यावर बसलो. बसून बसून बघतो तर काय, दाढ दुखतच नाय! दाबून बघितली, नाय. मग म्हणलं उगं निरोगी दाढंला कशाला हात लावू द्यायचा. उतरलो खाली." आणि त्यानं दोन्ही हात पसरले, शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखे. मी काय करायला हवं होतं? दुकान नोकरावर सोडून, त्याचा दंड धरून, त्याला जिना पुन्हा चढवायला हवा होता. चाळीस पावलांवर जिना होता. मी हसलो. म्हणालो, "मास्तर, तू सुधारणार नाहीस." आणि चहा मागवला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आला तेव्हा सूज गालावर नव्हती, जबड्याच्या खाली होती. तोंड दोन बोटांइतकंच उघडत होतं. आवाज बदलला होता, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा. हे सगळं मी बघितलं. दुकानात गर्दी होती. मी पाच दिवसांचा कोर्स कापून दिला आणि म्हणालो, "आता मात्र सोमवारी मी स्वतः घेऊन जातो तुला." त्यानं मानेनंच हो म्हटलं. त्या दिवशी तो थांबला नाही, फळीवर कोपर टेकवलं नाही. रविवारी दुपारी वहिनींचा फोन आला. त्याला थुंकीही गिळता येत नव्हती आणि आडवं झालं की श्वास कोंडत होता.

दवाखान्यात त्याला आत नेलं. मी केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो. परत आलो तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन वहिनींशी बोलत होते. दाढेतला पू जिभेखाली आणि तिथून मानेत उतरला होता. श्वासासाठी गळ्याला छेद द्यावा लागणार होता. वहिनींनी घरातून निघताना उशाखालची गोळ्यांची पुडी उचलून आणली होती. डॉक्टरांनी ती तळहातावर ओतली. चंदेरी तुकडे, चौकोनी कापलेले. त्यांनी ते उलटसुलट करून बघितले. एकाही तुकड्यावर नाव नव्हतं. नावाचा भाग माझ्या दुकानात, माझ्या खणात, उरलेल्या पाकिटावर होता. "या कसल्या गोळ्या आहेत? किती दिवस घेतायत? कुणी दिल्या?" डॉक्टर विचारत होते. वहिनी म्हणाल्या, "मला माहीत नाही. ते स्वतःच आणायचे." मी तीन हात अंतरावर उभा होतो. मला प्रत्येक तुकड्याचं नाव माहीत होतं. मी बोललो नाही.

तासाभरानं एका तरुण डॉक्टरला जिन्यात गाठून मी सांगितलं, तेही असं, की मी औषधांच्या लाइनमध्ये आहे, तुकड्यांच्या रंगावरून अमुक-अमुक गोळ्या वाटतात. त्यानं लिहून घेतलं, आभार मानले. माझे आभार! त्या एका तासानं काही बिघडलं का, असं मी नंतर मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उशीर त्याच्या खूप आधीच झाला होता. लोक अशा वाक्यानं सुटतात म्हणे. मी सुटलो नाही. तो उशीर कुणी केला, हे मलाच ठाऊक होतं. पाच दिवस तो झुंजला आणि गेला.

शाळेत शोकसभा झाली. बालमित्र म्हणून मला बोलायला उभं केलं. मी गावाकडच्या विहिरीबद्दल बोललो, एकाच सायकलवर केलेल्या प्रवासाबद्दल बोललो, त्याच्या शिस्तीबद्दल बोललो. समोर भिंतीवर ते दाढेचं चित्र होतं आणि बाहेर टाकीपाशी ब्रश टांगलेले होते. माझ्यानंतर एक मुलगी उठली. तीच का ती, मला माहीत नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या गुरुजींचे दात लई पांढरे होते," आणि खाली बसून रडू लागली. मी तोंड फिरवलं.

नंतर एकदा मी त्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. जिना चढायला मलाच जड गेलं. त्यांना सगळं सांगितलं, नाव न घेता. त्या म्हणाल्या, "दुखायचं थांबणं ही नेहमीच चांगली बातमी नसते. कधीकधी आतली नस मेलेली असते म्हणून दुखत नाही. गोळीनं सूज उतरते, पण घाण दाढेतच राहते. ती एक तर आतून साफ करावी लागते, नाही तर दाढ काढावी लागते. तिसरा मार्ग नाही. लोक आमच्याकडं दुखतं तेव्हा येतात. दुखत नसताना सहा महिन्यांतून एकदा आले तर निम्मी कामं उरणार नाहीत." मग म्हणाल्या, "आणि पुड्या बांधणाऱ्यांनी आमच्याकडं पाठवलं, तरी…" वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला वाटतं, त्यांनी ओळखलं होतं.

आता दाढ दुखते म्हणून कुणी दुकानात आलं की मी गोळी कापत नाही, जिना दाखवतो. माणसं चिडतात. परवा एक रिक्षावाला म्हणाला, "क्या सेठ, धंदा करना है की नहीं?" आणि पुढच्या दुकानात गेला. तिथं त्याला मिळालीच असणार. पण हे करून मनाला काही शांती मिळत नव्हती. एक माणूस राहिला होता, ज्याला सांगायला हवं होतं.

सव्वा महिना उलटल्यावर एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी गहू निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली, नाही तर धीर सुटला असता. पुड्या, तो शनिवार, ते चंदेरी तुकडे, माझं गप्प राहणं, सगळं बोललो. त्यांनी हात थांबवला नाही. खडा दिसला की बाजूला टाकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुमच्याकडूनच यायच्या. माहीत होतं मला."

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा…"

त्या उठल्या, आत गेल्या आणि एक दुरेघी वही घेऊन आल्या. पहिलीच्या पोरांना अक्षर गिरवायला देतात तशी. त्याच्या शाळेच्या पिशवीत अशा कोऱ्या वह्या नेहमी असायच्या, आणि दवाखान्यात निघताना सामानासाठी वहिनींनी तीच पिशवी घेतली होती. मी केसपेपरच्या रांगेत असताना, बोलता येत नव्हतं म्हणून, त्यानं त्या वहीत लिहून दाखवलं होतं. वहिनींनी पान उघडून माझ्यासमोर धरलं. श्वास कोंडत असतानाचं अक्षर, पण दोन रेघांच्या बाहेर एक काना गेलेला नव्हता. पहिली ओळ, शाळेची किल्ली मोरे बाईंना दे. दुसरी, घाबरू नको. मग थोडी जागा सोडून, गोळ्यांचं विचारतील. अंब्याचं नाव घेऊ नको. त्याचं लायसन जाईल. आणि त्याच्याखाली, मागणारा मीच होतो.

मी हात पुढं केला. वहिनींनी वही मागं घेतली. "ही नाही देणार. लिहिलंय तुमच्यासाठी, पण त्यांचं शेवटचं अक्षर आहे. माझ्यापाशी राहील."

मी म्हणालो, "वहिनी, मला काही तरी बोला. शिव्या द्या."

त्यांनी वही पदराखाली घेतली. "मी त्यांचं ऐकलं भाऊजी. नाव घेतलं नाही. पुढंही घेणार नाही. पण तुम्हाला कुणी अडवलं होतं? तुमच्या तोंडाला तर सूज नव्हती."

एवढंच बोलल्या आणि पुन्हा गहू निवडायला बसल्या. मी पायऱ्या उतरून आलो. गेले कित्येक दिवस ते वाक्य माझ्याबरोबर दुकान उघडतं आणि बंद करतं. म्हणून हे लिहायला घेतलं. रामेश्वर गुरुजी अटॅकनं गेले नाहीत. ते दाढेनं गेले, आणि ती दाढ दर वेळी गप्प करून परत पाठवणारा मी होतो. माझं नाव अंबादास. पुंडलिकनगरात माझं औषधांचं दुकान आहे. हे छापून आलं की पान घेऊन मी वहिनींकडं जाणार आहे. त्या दार उघडतील. वाचतील की नाही, ते मला माहीत नाही.